ग्राउंड लूप आयसोलेटर: चार महिने लावला, मग काढला

दसऱ्याला गाडीत चार चॅनलचा अँप (आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) बसवून घेतला आणि त्याच संध्याकाळी स्पीकरमधून सीटी ऐकू आली. गाण्याला ठेका असला की ती दबायची. पण आलाप सुरू झाला की तानपुऱ्याशेजारी कुणी भलताच सूर धरून बसलंय असं वाटायचं. कावळा नाक्याच्या सिग्नलला बारीक, ॲक्सिलरेटर दाबला की चढत जाणारी, हेडलाइट लावले की आणखी मोठी. कोल्हापुरात, अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात राहून गाडीत ख्याल असा ऐकायचा, हे मला सहन होईना.

ज्याने फिटिंग केलं त्याने ‘फिल्टर टाका, जाईल’ म्हणून सांगितलं. साडेतीनशे रुपयांचा ग्राउंड लूप आयसोलेटर आणला, स्टिरिओ आणि अँपच्या मधे आरसीएला, म्हणजे सिग्नल नेणाऱ्या वायरीला लावला. सीटी त्या क्षणी बंद! महिनाभर मी तो दिसेल त्याला सुचवत होतो.

मग जोतिबाला जाताना आबा पुढच्या सीटवर होते. त्यांनी आयुष्यभर तबला वाजवलाय. केर्लीच्या पुढे म्हणाले, "डग्गा एवढा कोरडा का वाजायलाय रे? घुमाराच नाही." घरी येऊन तीच चीज आयसोलेटर काढून आणि लावून ऐकली. आबांचं बरोबर होतं. चाटीचा ‘ना’ जसाच्या तसा, पण डग्ग्यावरची मींड निम्मी गायब. या डबीत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. सिग्नल चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, वायरीने नाही, म्हणून लूप तुटतो, म्हणजे दोन्ही यंत्रांचं ग्राउंड (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट) आणि आरसीए मिळून बनलेलं वर्तुळ. पण स्वस्तातल्या डबीतला गाभा इतका लहान असतो, की खर्जातला जोरकस आवाज त्याला पेलत नाही. तरी फेब्रुवारीपर्यंत तसंच चालवलं, कारण सीटी नको होती.

शेवटी शिवाजी उद्यमनगरातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. मिस्त्रींनी गाडी पाहण्याआधी विचारलं, "आवाज इंजनाबरोबर चढतोय का?" हो म्हटल्यावर म्हणाले, "मग स्पीकरात दोष नाही, अल्टरनेटरची लहर आत शिरालीय." अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज बनवणारं यंत्र, मुळात थ्री फेज एसी तयार करतो, सहा डायोड त्याचं डीसी करतात आणि थोडी लहर उरतेच. इंजिन 800 आरपीएमवर असताना पुलीमुळे अल्टरनेटर अडीच पट, म्हणजे 2000 ने फिरतो असं धरा. बारा पोलचा, म्हणजे सहा जोड्यांचा असेल तर सेकंदाला 200 आवर्तनं आणि दर आवर्तनाला सहा उंचवटे, म्हणजे 1200 हर्ट्झ. तीच माझी सीटी.

त्यांनी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला. डीसीवर 14.2, एसीवर 0.03 व्होल्ट. डायोड गेला असता तर एसीचा आकडा कितीतरी मोठा आला असता, म्हणजे अल्टरनेटर ठीक. मग आयसोलेटर काढला आणि अँपच्या आरसीए पिना उपसल्या. सीटी बंद. चार्जरला न लावलेला मोबाइल थेट अँपला जोडला, तरी शांत. स्टिरिओची पिन परत लावली की सीटी हजर. दोन्ही यंत्रांचं ग्राउंड वेगळ्या पातळीवर होतं आणि त्या फरकामुळे आरसीएच्या बाहेरच्या जाळीतून प्रवाह वाहत होता.

आवाज मोठा करून बॅटरीचा निगेटिव्ह आणि अँपचं ग्राउंड यांच्यात मोजलं, तर 0.4 व्होल्ट! मागची सीट उचलली. जाडजूड काळी वायर, आणि तिचं टोक रंगावरूनच पत्र्यात पिळलेल्या एका स्क्रूखाली. स्क्रूच्या आट्यांनी जेवढा पत्रा धरला तेवढाच काय तो संपर्क. बॅटरीचा निगेटिव्ह सोडून मिस्त्रींनी पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा चकचकीत होईपर्यंत घासली, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) दाबून बसवलं, दातेरी वॉशर, नटबोल्ट आणि वरून ग्रीस. सीटबेल्टच्या बोल्टला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. त्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलं.

पुन्हा मोजलं: 0.03. सीटी जवळजवळ गेली. उरलेली दोन कारणं मी घरी काढली. आरसीए आणि पॉवरची वायर डाव्या बाजूने एकाच पट्टीखालून गेली होती. आरसीए उजवीकडून नेली. अँपचा गेन शेवटपर्यंत पिळलेला होता, तो निम्म्यावर आणला. गेन हा आवाजाचा नॉब नव्हे, तो स्टिरिओच्या सिग्नलशी जुळवायचा असतो. खाली आणल्यावर मागची सळसळही विरली.

आयसोलेटर नसताना आता सहा महिने झाले. जुलैत भर पावसात गगनबावड्याला दोनदा जाऊन आलो, गालिचा खालून ओला झाला. परवा सीट उचलून पाहिलं. ग्रीसखाली गंज नाही, आकडा अजून 0.03.

आयसोलेटर टाकलेला नाही. मोबाइल चार्जिंगला लावून ऑक्सवर (स्टिरिओला वायरीने मोबाइल जोडायच्या खाचेवर) ऐकलं की चार्जरमुळे वेगळी चिरचिर येते, कारण तिथे लूप मोबाइलमधून तयार होतो. तेवढ्यापुरता तो ऑक्सच्या वायरीत लावतो. बातम्या, भाषणं ऐकायला बरा आहे. आबा गाडीत असले की चार्जर काढून ठेवतो.