गरोदरपणात मेथाडोन की ब्युप्रेनॉर्फिन?

गर्दची सवय असलेल्या बाईला दिवस राहिले की घरचे आधी म्हणतात, 'आजपासून बंद.' त्यांची काळजी खरी आहे, पण हा सल्ला मानू नका. एकदम थांबवलं की टर्की लागते, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास होतो, आणि तो पोटातल्या बाळालाही भोगावा लागतो. शिवाय बऱ्याच जणी पुन्हा नशेकडे वळतात. तोवर शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे जुनाच डोस जिवावर बेततो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१४ मध्ये औषधावर स्थिर ठेवण्याचीच शिफारस केली. म्हणजे निवड गर्दऐवजी डॉक्टर देतात त्या दोन औषधांतली: मेथाडोन की ब्युप्रेनॉर्फिन. दोन्ही गर्दसारखीच ओपिऑइड गटातली आहेत.

आई आणि बाळाला जोडणारी वार (प्लासेंटा) म्हणजे नुसती नळी नव्हे. तिच्या पेशींवर ओपिऑइड जिथे चिकटतात ते ग्राहक (रिसेप्टर) असतात, तिच्यातलं अरोमाटेझ हे विकर (एन्झाइम) दोन्ही औषधं मोडतं, आणि काही औषध ती आईकडे परत ढकलते. प्रसूतीनंतरची वार घेऊन प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा ब्युप्रेनॉर्फिन बरंचसं वारेतच अडकलं, बाळाच्या बाजूला थोडंच गेलं. तरी कुठलंच औषध अगदी निर्धोक नाही: ओपिऑइड घेणाऱ्या मातांच्या वारेतले अंकुर उशिरा पक्व होताना आढळले आहेत, आणि बाळाला ऑक्सिजन मिळतो तो याच अंकुरांतून.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी औषधं वाटली होती. ब्युप्रेनॉर्फिन घेतलेल्या मातांची बाळं सरासरी १० दिवस रुग्णालयात राहिली, मेथाडोनवाल्यांची १७.५ दिवस. जन्मानंतर बाळांची टर्की शमवायला द्यावं लागणारं मॉर्फिनही ब्युप्रेनॉर्फिनच्या गटात फार कमी लागलं: १.१ मिलिग्रॅम विरुद्ध १०.४. पण उपचार अर्ध्यावर सोडणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गटात ३३ टक्के होत्या, मेथाडोनच्या गटात १८. माझ्या मते हा आकडा बाळाच्या आकड्यांइतकाच महत्त्वाचा, कारण उपचार सुटला की बाकी सगळं सुटतं. २०२२ च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासातही, गरोदरपणाच्या सुरुवातीला औषध घेणाऱ्यांत, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं ब्युप्रेनॉर्फिनवर १४.४ टक्के, मेथाडोनवर २४.९ टक्के होती. मेथाडोनवर बहुधा जास्त गंभीर व्यसन असलेल्या स्त्रिया असतात, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं.

नव्याने सुरुवात करायची असेल तर मी ब्युप्रेनॉर्फिन सुचवेन. भारतात तेच सहज मिळतं. मेथाडोन मोजक्याच केंद्रांत. एक अडचण आहे: थोडी टर्की जाणवू लागल्यावरच ब्युप्रेनॉर्फिन घ्यावं लागतं, नाहीतर तेच टर्की आणतं. मेथाडोनला ही वाट पाहावी लागत नाही. आधीच मेथाडोनवर नीट चाललं असेल तर बदलू नका. शेवटच्या महिन्यांत ते शरीरातून लवकर निघून जातं, मग डॉक्टर डोस वाढवतात किंवा दोनदा विभागून देतात. बाळाच्या भीतीने स्वतःहून डोस कमी करू नका. आईचा डोस कमी म्हणून बाळाचा त्रास हमखास कमी, असं आढळलेलं नाही. तंबाखू आणि मिश्री मात्र सोडण्याचा प्रयत्न करा.

जन्मानंतर बाळालाही टर्की लागू शकते: ते रडतं, थरथरतं, नीट पीत नाही. हे बरं होतं. आईजवळ, शांत खोलीत, दुपट्यात गुंडाळून ठेवलं आणि अंगावर पाजलं तर औषध कमी लागतं. दोन्ही औषधांवर अंगावर पाजता येतं.