गाण्यांच्या वेबसाइटसाठी वकिलाचा सल्ला घेतला, त्याचा रिव्ह्यू

जुन्या मराठी गाण्यांच्या माहितीची छोटीशी वेबसाइट आहे माझी, गायक कोण, संगीतकार कोण, राग कुठला, आणि खाली अख्खं गाणं टाईप केलेलं. दिवाळीच्या तोंडावर एका कंपनीचा मेल आला, गाण्यांचे शब्द काढा नाहीतर कारवाई करू. धाबं दणाणलं. आधी एका ऑनलाइन सर्व्हिसला ९९९ रुपये भरले तर त्यांनी "सर्व हक्क मूळ मालकांचे, फक्त मनोरंजनासाठी" असला डिस्क्लेमर पाठवला, त्यात तिसऱ्या ओळीत कुठल्याशा साडीच्या दुकानाचं नाव तसंच राहिलेलं!

मग मित्राच्या ओळखीने पुण्यातल्या एका वकील मॅडमकडे गेलो, कॉपीराइटचीच कामं करतात, तासाला अडीच हजार. डिस्क्लेमर वाचून हसल्या, म्हणाल्या, "दुसऱ्याच्या झाडाचे आंबे काढायचे आणि पाटी लावायची, झाड माझं नाही." मग माझ्याच वहीच्या मागच्या पानावर तीन चौकोन काढले, शब्द, चाल, रेकॉर्डिंग. एकाच गाण्याचे तीन वेगळे हक्क, मालकही वेगळे असू शकतात, हे दहा वर्षं साइट चालवून मला माहीत नव्हतं.

शब्दांचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. भा. रा. तांबे गेले १९४१ ला, म्हणजे त्यांच्या कविता २००२ पासून कोणालाही वापरायला मोकळ्या (टागोरही त्याच वर्षी गेले, त्यांच्या विश्वभारती संस्थेकडचे हक्क संपत आले तेव्हा मुदत ५० ची ६० वर्षं केली, हे ऐकून मजा वाटली). पण त्या कवितेला नंतर कोणी चाल लावली असेल तर चाल त्या संगीतकाराची, त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. रेकॉर्डिंगचं गणित वेगळंच, ते प्रकाशित झाल्यापासून मोजायचं, १९६० ची रेकॉर्ड २०२१ च्या १ जानेवारीला मोकळी. आणि गदिमा गेले १९७७ ला, त्यांचे शब्द २०३७ संपेपर्यंत हात लावायचा नाही. माझ्या साइटवर गदिमांचीच ४० पानं, पोटात गोळाच आला.

"दोन ओळी टाकल्या तर चालतात ना?" विचारलं, तर असा ओळींचा आकडा कायद्यात कुठेच नाहीये म्हणाल्या. गाण्यावर खरोखर काही लिहिताना गरजेपुरतं उद्धृत केलं तर समीक्षा म्हणून बचाव आहे, नुसतं छापलं तर नाही. गायक, साल, राग ही माहिती मात्र कोणाच्या मालकीची नसते, बिनधास्त ठेवा, फक्त दुसऱ्याने लिहिलेला परिच्छेद उचलू नका. हे ऐकून जीव भांड्यात पडला कारण साइटचा खरा जीव तोच आहे.

तक्रार एकच, आणि ती मोठी आहे. कंपनीला द्यायच्या उत्तराचा मसुदा दोन दिवसात देते म्हणाल्या, मिळाला अकराव्या दिवशी, तोही तीनदा फोन केल्यावर, तोवर मी रोज सकाळी चहाच्या आधी मेल बघत होतो. मसुदा मात्र नेमका, पाऊण पानाचा. पाठवल्यापासून पलीकडून काही आलेलं नाही.

पाचपैकी चार स्टार. जाताना रेकॉर्डची कव्हरं घेऊन जा, त्या चित्रांचाही हक्क वेगळा असतो, मी विचारायलाच विसरलो आणि आता त्यासाठी परत अडीच हजार.