'डेडफायर', गेल्या पावसाळ्यापासून: समुद्र आहे, खलाशी आहेत, वाराच नाही

समुद्रावर चालणारा एवढा मोठा गेम करायचा आणि त्यात वाराच ठेवायचा नाही, हे मला अजूनही पचलेलं नाही. 'पिलर्स ऑफ इटर्निटी २: डेडफायर' मी गेल्या पावसाळ्यापासून खेळतोय. आधी रिअल टाइममध्ये, म्हणजे लढाई सलग चालते तसा, मग पुन्हा पहिल्यापासून टर्न-बेस्डमध्ये, म्हणजे एकेकाने पाळीपाळीने चाल करत. क्लास किती, साथीदार कोण, मशीन कसलं लागतं हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यामुळे ते लिहीत बसत नाही.

पहिला भाग २०१२ साली किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर लोकांनी जवळपास ४० लाख डॉलर देऊन उभा केला. दुसऱ्यासाठी गेम बनवणारी कंपनी ऑब्सिडियन २०१७ मध्ये फिग या तशाच वेबसाइटवर गेली, ११ लाख डॉलर मागितले आणि ४४ लाख जमले. पैसे घालणाऱ्यांना 'बाल्डर्स गेट' या जुन्या गेमच्या वळणाचं जग हवं होतं. ते मिळालं, पण कंपनीने खेळाडूला जंगल-डोंगरातून उचलून थेट बेटांवर आणलं आणि हाताखाली जहाज दिलं. मी मालवणचा. खिडकीतून सिंधुदुर्ग दिसतो. सेल लागल्यावर हा गेम घेतला तो निव्वळ जहाजासाठी.

जहाजांची लढाई मजकुराच्या पानांवर होते. अंतर मीटरमध्ये दिसतं, खाली पर्याय: पूर्ण शीड, अर्धं शीड, डावीकडे वळा, उजवीकडे वळा, तोफा डागा. तोफ पुन्हा भरायला काही पाळ्या जातात. हे सगळं मला मान्य आहे, मजकुराचंही वावडं नाही. मासेमारीबंदीचा काळ होता, १ जून ते ३१ जुलै, बोटी वर ओढलेल्या. काका दुपारी शेजारी येऊन बसायचे. त्यांनी तोफा, शिडं, अंतर सगळं नीट बघितलं आणि एवढंच विचारलं, "आणि वारो खंयसून येता?" पडद्यावर त्याचं उत्तर कुठेच नव्हतं. वाऱ्याची दिशा नाही, जोर नाही, वारा पडणं नाही. वारा पाठीशी घेऊन शीड एका अंगावरून दुसऱ्या अंगावर टाकायची चाल गेममध्ये आहे, पण ती फक्त जहाज उलट फिरवते, वाऱ्याशी तिचा काही संबंध नाही.

ही बारीक चूक नाही. आंग्र्यांच्या आरमाराची लढायची रीतच वाऱ्यावर उभी होती. गुराबा ही मोठी जहाजं शिडांवर चालायची, छोट्या गलबतांना वल्हीही असायची. वारा पडला आणि इंग्रजांचं जड जहाज जागच्या जागी डुलत राहिलं की गलबतं गुराबांना दोराने ओढत त्याच्या पिछाडीला आणायची. जहाजाच्या बहुतेक तोफा बाजूंना, मागच्या अंगाला मारा तोकडा. डेडफायरमध्येही तोफा डाव्या-उजव्या बाजूलाच आहेत, म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे. वारा आणि वल्ही एवढं घातलं असतं तर छोट्या जहाजाने मोठ्याला कसं दमवायचं याचा खरा डाव उभा राहिला असता. आता मोठ्या तोफा घ्या आणि मोठं जहाज घ्या, की झालं.

आता बरी बाजू. जहाजावरचा शिधा त्यांनी मनापासून केलाय. खलाशांना रोजचा पगार, पिण्याचं पाणी, अन्न, औषधं. चांगलं खायला दिलं की त्यांचं मनोबल वाढतं, हाल केले की घसरतं आणि तळाला गेलं की बंड. लांबच्या फेरीत पाण्याचा आकडा उतरायला लागला की मी नकाशावरचं अनोळखी बेट सोडून बंदराकडे वळतो. काकांचा तोफांमधला रस केव्हाच संपला, पण या पडद्यावर ते दर वेळी थांबायचे. बर्फ, डिझेल, पाणी, तांदूळ यांचा हिशेब ते जन्मभर करत आलेत. "पाणी किती घेतलंस?" हे विचारल्याशिवाय मला बंदर सोडू देत नसत.

ऑगस्टमध्ये लॅपटॉप बसला. इथल्या खाऱ्या हवेत हे कधीतरी होतंच. एका दुकानाने मदरबोर्ड बदलायला सांगितला आणि आकडा असा दिला की त्यात जुना दुसरा लॅपटॉप आला असता. मी तो परत आणला. बाजारातल्या दुसऱ्या कारागिराने माझ्यासमोर उघडला, रॅमच्या खाचेत आणि चार्जिंगच्या पिनेभोवती चढलेलं हिरवट कीट ब्रश आणि स्पिरिटने काढलं, कुरकुरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली. दोन हजारांच्या आत काम. गेममधल्या नेकेटाका शहराच्या एका पेठेतून दुसरीत जाताना जो चहा होईपर्यंतचा वेळ जायचा, तो गेला. हार्ड डिस्कवर हा गेम खेळू नका.

सेव्ह फाइल्स पेनड्राइव्हवर होत्या, तरी मी नव्याने सुरुवात केली, कारण टर्न-बेस्ड पद्धत सुरुवातीलाच निवडावी लागते. ती २०१९ मध्ये फुकट अपडेटमधून आली. इथे माझं मत बरंच बदललं. रिअल टाइममध्ये दर दोन सेकंदांनी गेम थांबवून कोण कुठे पडला हे शोधण्यात माझा जीव जायचा. आता प्रत्येक मंत्राचा, प्रत्येक जागेचा विचार करता येतो. तोफांची मारामारी मी सोडूनच दिली. पूर्ण शीड लावायचं, मार खात जवळ जायचं आणि शत्रूच्या डेकवर उतरायचं. त्या अरुंद डेकवरची टर्न-बेस्ड लढाई हा या गेममधला माझा सगळ्यात आवडता भाग आहे. फुटकळ टोळ्यांच्या लढाया मात्र लांबतात, तिथे कंटाळा येतो.

गोष्टीबद्दल एकच सांगतो, कारण आपल्याकडच्या माणसाला ती वेगळी लागते. व्हेलियन ट्रेडिंग कंपनीला बेटांवरचा आड्रा नावाचा तेजस्वी दगड हवाय, रौआताई या राज्याच्या कंपनीला अख्खा समुद्र. चाच्यांचं नाव प्रिन्सिपी. ज्यांना कंपनी चाचे म्हणते त्यांची बाजू घ्यायची, हे मी आधीच ठरवलं होतं. कान्होजींनाही इंग्रज तेच म्हणत. पण इथला एक चाचा सरदार, फुरांते, गुलामांच्या व्यापाऱ्यांशी हात मिळवून आहे. मी त्याला सोडलं आणि बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या, हुआनांच्या, राणीकडे गेलो. तर हुआनांमध्ये जन्मावरून पायऱ्या: वर मातारू, मध्ये कुआरू, तळाला रोपारू. टिकावारा गावात अन्न कमी पडतं, तेव्हा वरचे आधी जेवतात आणि रोपारूंनी उरलं तर खायचं. नेकेटाकाच्या पोटातल्या गलेट वस्तीत तेच. ती पंगत बघून मला बराच वेळ पुढे खेळवेना. कुणी खलनायक म्हणून ओरडत नाही, सगळे रीत म्हणून सांगतात, आणि म्हणूनच ते खरं वाटतं.

राणी दोन कंपन्यांच्या मधोमध उभी आहे. एकीला जवळ करून दुसरीला हाकलता येईल असं प्रत्येक जण तिला सांगतो. पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांना सोबत घेतलं आणि १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली आंग्र्यांचं आरमार जळालं, हे ठाऊक असलेल्या माणसाला तिथला पर्याय निवडताना हात आखडतो. शेवटी मी दोन्ही कंपन्यांना नाही म्हटलं.

घ्यायचा असेल तर पूर्ण किमतीला घेऊ नका, सेलची वाट बघा. जोडभागांपैकी 'बीस्ट ऑफ विंटर' घ्या. 'सीकर, स्लेयर, सर्व्हायव्हर' म्हणजे मुख्यतः आखाड्यातल्या लढाया, पैसे मोजून घेणाऱ्याने तो सोडला तरी चालेल. आणि पोर्ट माजे सोडायच्या आधी पाणी भरून घ्या.