जारचं पाणी पाच महिने, मग फिल्टर आठ महिने: आमच्या घरचा अनुभव

आम्ही बेळगावात, वडगावला राहतो. २४ तास पाणी येणाऱ्या भागात आमचं घर नाही, नळ चार-पाच दिवसांनी येतो, उन्हाळ्यात तर आठवडा पण जातो. मग संप (जमिनीखालची टाकी), संपातनं मोटर, वर टाकी, टाकीतनं स्वयंपाकघर. हे आधीच सांगते कारण "नळाचं पाणी चांगलं की विकतचं" असं कुणी विचारलं की मला पहिला प्रश्न पडतो, नळाचं म्हणजे कुठलं? रस्त्यावरच्या पाइपातलं, का चार दिवस संपात बसलेलं?

धाकट्याला पावसाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या, डॉक्टर म्हणाले पाणी बदला. त्याच संध्याकाळी २० लिटरचा जार सुरू केला, ४० रुपयाला एक, दोन दिवसाला एक, म्हणजे महिन्याला ६०० गेले, डिपॉझिट वेगळं. चव हलकी, डाळ लवकर शिजती असं मला वाटायचं (वाटायचंच, मोजलं नाही). सासूबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं, "ह्याला काय चवच नाही गं, पत्र्यावरनं पडलेलं पाणी पिल्यासारखं." त्या आपल्या तांब्याच्या कळशीतलंच पीत राहिल्या.

पाच महिन्यांनी परत तेच, ह्यावेळी थोरली आजारी. मला एवढा राग आला, जारवाल्या पोराला दारातच धरलं. तो म्हणतोय, "वैनी, आम्ही पण हेच पिऊलालोय की, आम्हाला काय होत नाही."

माझी जाऊ खानापूर तालुक्यात शाळेत विज्ञान शिकवते. तिच्याकडं पाणी तपासायच्या त्या छोट्या बाटल्या असतात, एचटूएसच्या. पाणी भरून उबदार जागी ठेवायची, एक-दोन दिवसांत काळी पडली तर त्यात घाणीतले जंतू असण्याची शक्यता. आम्ही चार भरल्या. नळ आल्यावर दहा मिनिटं सोडून थेट रस्त्याच्या कनेक्शनचं, संपातलं, नुकतं सील फोडलेल्या जारचं, आणि जार उलटा ठेवतो त्या डिस्पेन्सरच्या तोटीचं. दुसऱ्या दिवशी सकाळी संपाची आणि डिस्पेन्सरची काळी कुळकुळीत. जार आणि थेट नळ, दोन्ही जशाच्या तशा.

म्हणजे जारवाल्याशी मी उगाच भांडले. तो डिस्पेन्सर पाच महिन्यांत मी एकदाही आतनं धुतला नव्हता, आणि जारची मान दर दोन दिवसांनी कुणीतरी हातानं धरून त्यात खुपसत होतं. लाज वाटली, लिहिताना पण वाटतेय. चार बाटल्यांवरनं सगळ्या गावाचा निकाल लागत नाही, पण आमच्या घरचा लागला.

जावेनंच सांगितलं की हुबळी-धारवाडात कायम येणारं आणि अधूनमधून येणारं पाणी शेजारी शेजारी तपासून अभ्यास झालाय, २०१३ ला छापून आला, आणि अधूनमधून येणाऱ्यात जंतू कितीतरी जास्त निघाले. पाइपात दाब नसला की फुटक्या जोडातनं गटाराचं पाणी आत ओढलं जातं, आणि नळ आला की पहिल्या धारेत तेच बाहेर पडतं. आमच्या आजी पहिलं पाणी झाडाला घालायच्या, त्या काय वेड्या नव्हत्या.

आता आरओवाल्याची गंमत (आरओ म्हणजे बारीक पडद्यातनं पाणी दाबून क्षार काढणारं मशीन). घरी येऊन दोन ग्लास मांडले, त्यात दोन सळ्यांचं यंत्र बुडवून करंट दिला, आमचं पाणी तपकिरी गढूळ, त्याच्या मशीनचं स्वच्छ. सासूबाई घाबरल्याच. खरं म्हणजे ती सळीच्या लोखंडाची गंज, पाण्यात क्षार असले की करंट वाहतो आणि गंज सुटते, आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच मग काय सुटणार. त्याच्याच मीटरवर आमच्या नळाचा टीडीएस (लिटरमागं विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ७० आला! बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोप धरणाचं पाणी पावसाचं, मऊच असणार. ५०० पर्यंत तर पिण्याच्या पाण्याच्या मानकातच चालतं, आणि ५०० च्या खाली आरओवर बंदी आणा असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ लाच केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाला सांगितलेलं. वर ते मशीन एक लिटर देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. पाच दिवसांनी नळ येणाऱ्या घरात? नको म्हटलं. अथणीला माझ्या मावशीकडं बोअरचं पाणी, भांड्यावर पांढरा थर बसतो, तिनं आरओ घेतला तर मी काय बोलणार नाही.

आम्ही यूव्ही-यूएफवाला (किरणांनी जंतू मारणारा आणि बारीक जाळीतनं गाळणारा) साधा फिल्टर घेतला, आठ हजारांच्या आसपास. त्याआधी संप उपसून घासला, ब्लीचिंग टाकलं, झाकणाला रबर लावलं. मला विचाराल तर निम्मं काम तिथंच झालं. आठ महिने झाले, बाटल्या दोनदा परत भरल्या, फिल्टरची एकदाही काळी पडली नाही, घरात जुलाब नाही. कार्ट्रिज एकदा बदलली, पावसाळ्यात लवकर तुंबते. लाईट गेली की यूव्ही बंद, मग पाणी गॅसवर, चांगलं खळखळून एक मिनिट.

प्रवासात बाटली घेतोच. सील आणि आयएस १४५४३ (बाटलीबंद पाण्याच्या मानकाचा शिक्का) बघते, पण ऑक्टोबर २०२४ पासून तो शिक्का सक्तीचा राहिला नाही, तेव्हा लायसन्स नंबर आणि तारीख पण वाचते. गाडीत तापलेली बाटली घेत नाही. अमेरिकेत २०२४ ला बाटलीच्या पाण्यात लिटरमागं सरासरी २ लाख ४० हजार प्लॅस्टिकचे बारीक कण मोजलेत. त्यानं नेमकं काय होतं हे अजून कुणी छातीठोक सांगत नाही, पण महिन्याला ६०० रुपये मोजून रोज विकतचं पाणी प्यावं हे मला पटत नाही.

आणि लग्नाकार्यात येतात ते थंडगार जार, सील नाही, नाव नाही, तिथं मी घरनंच बाटली नेते. सासूबाई अजून कळशीतलंच पितात, फक्त आता कळशीत फिल्टरचं भरते, त्यांना सांगितलेलं नाही. डिपॉझिट अजून जारवाल्याकडंच आहे.