गिअर जड पडतो: दोष क्लचचा, लिंकेजचा की गिअरबॉक्सचा?

जुन्या गाडीचा गिअर जड पडू लागला की मालकासमोर सहसा दोनच पर्याय ठेवले जातात: गिअर ऑइल बदलून पाहणे किंवा गिअरबॉक्स उतरवून उघडणे. ऑइलने फरक पडला नाही की थेट गिअरबॉक्सला हात घातला जातो, आणि क्लच व लिंकेज (गिअरचा दांडा गिअरबॉक्सशी जोडणारे रॉड किंवा केबल) यांची तपासणी, जी खरे तर आधी व्हायला हवी, ती राहूनच जाते. ही तपासणी केल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला निवाडा इंजिन बंद ठेवून करावा. गाडी सपाट जागी हँडब्रेक लावून उभी करावी, क्लच पूर्ण दाबावा आणि सर्व गिअर एकामागून एक टाकून पाहावेत. नंतर इंजिन चालू करून हेच पुन्हा करावे. इंजिन बंद असताना सहज पडणारे गिअर इंजिन चालू होताच अडत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळे होत नाही, असे समजावे. दोन्ही वेळी ते सारखेच जड असतील, तर दोष लिंकेजमध्ये किंवा गिअरबॉक्समधील सिलेक्टर शाफ्टमध्ये (आत गिअर सरकवणाऱ्या सळईत) शोधावा. मात्र उभ्या गाडीत एखाद्या वेळी दातांची टोके समोरासमोर येऊन गिअर अडतो. अशा वेळी गाडी किंचित ढकलून पुन्हा प्रयत्न करावा आणि मगच निष्कर्ष काढावा.

क्लचचा दोष आणि झिजलेली सिंक्रोनायझर रिंग (गिअर पडण्याआधी फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवणारी कडी) यांची गल्लत सर्वाधिक होते, कारण दोन्हींत खरखर ऐकू येते. क्लच सुटत नसेल तर उभ्या गाडीत पहिला आणि रिव्हर्स हे गिअर विशेष त्रास देतात आणि गिअर पडताच गाडी सरकू पाहते. बऱ्याच जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो, म्हणून क्लच दाबून काही सेकंद थांबल्यावरही रिव्हर्स खरखरत असेल, तर संशय क्लचवरच धरावा. याउलट रिंग झिजली असेल तर उभ्या गाडीत सारे सुरळीत वाटते, आणि चालत्या गाडीत एखादाच गिअर, बहुधा दुसरा, खरखरतो. न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून, खालचा गिअर टाकायचा असल्यास थोडा रेस देऊन, आणि पुन्हा दाबून तोच गिअर विनातक्रार पडत असेल, तर रिंगविषयीचा संशय पक्का होतो.

क्लच दोषी ठरला तरी लगेच क्लच प्लेट बदलण्याची घाई करू नये. प्लेट झिजली की क्लच घसरतो, म्हणजे इंजिनाचा वेग वाढतो पण गाडी तेवढी ओढत नाही. क्लच न सुटणे हा वेगळा दोष आहे. हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबाने चालणारा) क्लच असेल तर पेडल दोन-तीनदा भराभर दाबून गिअर टाकून पाहावा. तेवढ्याने तो सहज पडला, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर सिलिंडरचे (पेडलकडच्या, दाब देणाऱ्या सिलिंडरचे) सील गळते आहे. स्लेव्ह सिलिंडर (गिअरबॉक्सकडचा, पुशरॉडने क्लचचा फोर्क ढकलणारा) बाहेरून दिसत असेल तर त्याचे रबरी आवरण (बूट) उचलून आत ओल आहे का ते पाहावे, आणि दुसऱ्या कोणाला पेडल दाबायला सांगून पुशरॉड किती सरकतो ते मोजावे. हा प्रवास मॅन्युअलमधील आकड्याइतका असूनही क्लच सुटत नसेल, तेव्हाच फोर्क, प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी), गंजलेल्या स्प्लाइन्सवर (शाफ्टवरील खाचांवर) अडकणारी प्लेट किंवा जॅम झालेले पायलट बेअरिंग (शाफ्टचे टोक इंजिनाकडे धरणारे) यांचा विचार करावा, कारण त्यांच्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. केबलचा क्लच असेल तर आधी तिचे अ‍ॅडजस्टमेंट पाहावे.

लिंकेजची तपासणी थोडक्यात होते. एकाने दांडा हलवावा आणि दुसऱ्याने गिअरबॉक्सवरील आर्म पाहावा; दांडा बराच हलल्यावर आर्म हलत असेल, तर बुश (सांध्यांतील अस्तर) झिजले आहेत किंवा केबल सैल आहे.

ऑइलचा दोष थंड गाडीत जास्त जाणवतो आणि गाडी तापल्यावर कमी होतो. मॅन्युअलमध्ये जीएल-४ दर्जाचे गिअर ऑइल सांगितले असताना जीएल-५ भरणे टाळावे, कारण त्यातील अतिदाबाच्या अ‍ॅडिटिव्हमुळे रिंगांना लागणारे घर्षण कमी होऊ शकते, आणि त्यांतील काही पितळेला मानवत नाहीत. काढलेले ऑइल उजेडात धरून पाहावे: ड्रेन प्लगच्या चुंबकावरील बारीक करडा लगदा ही नेहमीची झीज असते, सोनेरी चमक पितळी रिंगांची झीज दाखवते, आणि हाताला टोचणारे तुकडे निघाले तर गिअरबॉक्स उघडण्यावाचून गत्यंतर नसते.

क्लच आणि रिंग असे दोन्ही दोष एकत्र आढळले तर आधी क्लच दुरुस्त करावा. न सुटणारा क्लच प्रत्येक गिअरला रिंगांवर जादा भार टाकत असतो, त्यामुळे तो नीट झाल्यावर दुसऱ्या गिअरची खरखर किती उरते, हे पाहूनच पुढचे ठरवता येते. ती थोडीच उरली, गिअर सुटून बाहेर येत नसला आणि बेअरिंगचा घोंघावणारा आवाज नसला, तर मी गिअरबॉक्स उघडणार नाही. मात्र क्लचच्या किंवा रिंगांच्या कामासाठी तो उतरवावाच लागला, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (फोर्कने सरकून क्लच सोडवणारे) त्याच वेळी तपासून झिजलेले भाग बदलावेत, कारण उतरवण्याची मजुरी दोन्ही कामांना एकच लागते.