साडेसव्वीस लाखांची ऑडी टीटी

नाशिकहून पुण्याला मी टीटी बघायला गेले ती 2023 च्या ऑगस्टमध्ये. 2016 ची गाडी, 41 हजार किलोमीटर चाललेली, पहिलाच मालक आणि तीही एका कंपनीच्या नावावर. जुन्या गाड्यांच्या त्या दुकानाने भाव सांगितला 33 लाख.

दुकानदाराचं पालुपद एकच, "मॅडम, नवी पंच्याहत्तरला पडली होती." ते खोटं नव्हतं. 2015 मध्ये हे मॉडेल भारतात आलं तेव्हा एक्स-शोरूम किंमत होती 60.34 लाख. कंपनीच्या नावावर गाडी घेतली की महाराष्ट्रात रोड टॅक्स 20 टक्के, म्हणजे आणखी बारा लाख, वर विमा. पण पहिल्याने भरलेला टॅक्स मी दुसऱ्यांदा का मोजायचा?

दुसरी बाजू माझ्या सीएने दाखवली. कंपनी गाडीवर दरवर्षी 15 टक्के घसारा लावते, म्हणजे हिशेबात किंमत तेवढी कमी धरते, तीही उरलेल्या किमतीवर. अशा सात वर्षांनी हिशेबाच्या वहीत मूळ किमतीचे 32 टक्के उरतात. पंच्याहत्तरचे झाले 24. मालक कुठवर खाली येऊ शकतो, याचा अंदाज मला तिथे आला.

शिवाय टीटीसारख्या कूपेला गिऱ्हाईकच कमी. दारं दोन, मागच्या सीटवर लहान मूल जेमतेम मावतं; घरात दुसरी गाडी असेल तोच घेणार. जाहिरात मार्चपासून चालू होती. टायर "ऐंशी टक्के" आहेत म्हणून सांगितलं, पण चारही टायरांवर 2216 छापलेलं: 2016 चा बाविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सात वर्षांच्या रबरावर मी पावसात घाट उतरणार नाही. सौदा साडेसव्वीस लाखांना पटला. नवे टायर मी 78 हजारांना घातले.

त्या दुकानाबद्दलची नाराजी मात्र अजून आहे. आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा तसाच होता आणि "एनओसी (कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र) दोन दिवसांत" म्हणत त्यांनी मला अडीच महिने लटकवलं. गाडी माझ्या नावावर व्हायला दिवाळी उलटली.

गाडीबद्दल एक शब्द वाईट नाही. दोन लिटरचं 230 हॉर्सपॉवरचं इंजिन, ताकद चारही चाकांना. कसारा घाटात भर पावसात वळण घेताना ती रस्ता धरून बसते, तेव्हा बारा तासांच्या ड्यूटीचा शीण उतरतो. एसीची बटणं थेट हवेच्या गोल झरोक्यांतच बसवलेली. हे डोकं ज्याचं असेल त्याला माझा नमस्कार.

खर्च मात्र आजही साठ लाखांच्या गाडीचाच. किंमत उतरली तरी सुट्या भागांचे भाव उतरत नाहीत. विम्याच्या तक्त्यात किंमत उतरत उतरत पाच वर्षांपर्यंत निम्मी धरतात, पुढे आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेला गाडीचा भाव, बोलून ठरवावा लागतो. दरवर्षी मी तो भांडून घेते.

नोव्हेंबर 2023 मध्ये हंगेरीतल्या ग्योर इथे टीटीचं उत्पादन थांबलं. तेव्हापासून "आता मिळणार नाही" म्हणून भाव चढवून सांगतात. ऐकू नका. आज 2016 ची घ्यायची तर माझ्या मते 24 च्या पुढे जाऊ नये. टायरचे पैसे त्यातून वजा करा, गिअरबॉक्सचं तेल बदलल्याचं बिल मागा, आणि एनओसी हातात पडल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नका.