पडद्यावरचा हुंकार: ऑनलाइन बैठकीतल्या खुणा महिनोन्‌महिने वापरल्यानंतर

आम्ही शाळकरी मुलांसाठी विज्ञानाचे दृकश्राव्य धडे तयार करतो. काही जण नाशिकला, एक ज्येष्ठ शिक्षक लातूरला, ध्वनिमुद्रण करणारा मित्र सावंतवाडीला आणि चित्रकार मैत्रीण जर्मनीत, असा आमचा पसारा. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही बैठकीसाठी नवं अॅप घेतलं. न बोलता काही सांगण्याच्या सोयी त्यात भरपूर होत्या आणि त्या आपल्याला हव्या तशा बदलता येत होत्या, म्हणून घेतलं. अॅपचं नाव लिहीत नाही. यातल्या बहुतेक सोयी थोड्याफार फरकाने आता इतरत्रही मिळतात, आणि मला बोलायचं आहे ते खुणांबद्दल. माझं मत आधीच सांगते. खूण ज्याची त्याने स्वतःहून, सहज देता यावी, आणि गरज असेपर्यंत ती सगळ्यांना दिसावी. या कसोटीला जे उतरलं ते आम्ही रोज वापरतो, बाकीचं बंद करून टाकलं.

अशा खुणांची गरज का पडते, ते आवाजाच्या गणितात आहे. दहा वेगवेगळ्या भाषांतल्या संभाषणांची तुलना २००९ साली प्रसिद्ध झाली होती. प्रश्न संपणं आणि उत्तर सुरू होणं यांच्यातली सरासरी फट सुमारे २०० मिलिसेकंद निघाली, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. दूरसंचारातली जुनी शिफारस सांगते की आवाज एका दिशेने १५० मिलिसेकंदांत पोचला तर बहुतेक कामांना पुरे. पण आवाज जाऊन उत्तर परत यायचं, तर याच मर्यादेत राहूनही ३०० होतात. समोरासमोरची फट त्याहून लहान! म्हणून दोघं एकदम बोलू लागतात, मग दोघंही थांबतात, मग "तुम्ही बोला", "नाही, आधी तुम्ही". त्यात गोंगाट गाळणारी यंत्रणा आपलं "हं", "बरं", "हो ना" हे तुकडे गोंगाट समजून कापून टाकते. गोष्ट सांगताना समोरून हुंकार आला नाही की सांगणारा मध्येच थांबून "ऐकतोयस ना?" विचारतो. ऑनलाइन बैठकीत प्रत्येक बोलणाऱ्याची हीच अवस्था असते.

सगळ्यात उपयोगी ठरली ती सगळ्यात साधी खूण: वर केलेला हात. आमच्या अॅपात हात वर केला की नावापुढे क्रमांक येतो आणि खाली करेपर्यंत तो राहतो. लातूरचे सर बोलत असताना त्यांना मध्ये तोडणं आमच्यातल्या धाकट्यांना कधीच जमलं नसतं, आणि जमावं असंही मी म्हणणार नाही. आता सरांनाच रांग दिसते. वाक्य पुरं करून ते म्हणतात, "हं, कोणाचा हात आहे? बोल." मान राखला जातो आणि मुद्दाही हरवत नाही. आम्ही त्यात एक भर घातली. हात म्हणजे नवा मुद्दा आणि उभं बोट म्हणजे चाललेल्या मुद्द्यावरच दोन शब्द. बोटवाल्याला रांगेआधी घेतो. एवढ्या बदलाने चर्चा मागे-पुढे उड्या मारायची थांबली. ज्यांचं अॅप बदल करू देत नाही त्यांनी दुसऱ्या एखाद्या चिन्हावर तोंडी एकमत करून घ्यावं, काम भागतं.

पडद्यावर तरंगत जाणारी हृदयं आणि टाळ्या मात्र आम्हाला फारशा उपयोगी पडल्या नाहीत. काही सेकंदांत त्या विरतात, आणि स्वतःचा पडदा दाखवत असलेल्या माणसाला, म्हणजे ज्याला त्या सगळ्यात जास्त हव्या असतात त्यालाच, बऱ्याचदा दिसत नाहीत. चित्रकार मैत्रीण नवी चित्रं दाखवायची तेव्हा तिच्यापुढे फक्त तिचीच चित्रं असायची. आता कॅमेरा चालू असलेले आम्ही दोन्ही हात वर करून पंजे हलवतो. बधिर समाजात टाळी अशीच देतात. माइक उघडावा लागत नाही, आणि चेहऱ्यांची पट्टी बाजूला उघडी ठेवली की तिलाही ते दिसतं. तयार चिन्हांमध्ये कौतुकाची गर्दी होती, पण "कळलं नाही" यासाठी काहीच नव्हतं. ते आम्ही पहिल्याच आठवड्यात घातलं. धडे बनवणाऱ्या गटाला त्याची गरज कौतुकाहून जास्त असते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सामायिक फळ्यावरचे नावासकट फिरणारे कर्सर. खोलीत बसलेली माणसं एकमेकांची नजर पाहतात. कोण कुठल्या कागदाकडे बघतंय हे न सांगता कळतं. हे दुरून कसं साधायचं यावर फार पूर्वीपासून काम झालं आहे. जपानच्या एनटीटी या दूरसंचार कंपनीत हिरोशी इशी आणि मिनोरू कोबायाशी यांनी १९९२च्या सुमारास क्लिअरबोर्ड केला. जणू काचेच्या दोन बाजूंना दोघं उभे आहेत आणि काचेवरच लिहीत आहेत, अशी त्याची रचना होती. रेखाटन आणि त्याकडे बघणारे डोळे एकाच जागी दिसायचे. आमच्या फळ्यावर डोळे नाहीत, पण कर्सर आहेत. प्रकाशाच्या परावर्तनाच्या आकृतीवर सरांचा कर्सर आपाती किरणापाशी घुटमळू लागला, की तिथे काहीतरी खटकलंय हे चित्रकाराला कळतं आणि ती हात थांबवते. सर अजून शब्द जुळवत असतात. समोरासमोर असताना हे काम चुळबूळ करते, कपाळावरची आठी करते. सावंतवाडीला पावसात नेट रडतं तेव्हा व्हिडिओ गोठतो, पण कर्सर कसाबसा हलत राहतो. त्याला लागतोच किती डेटा?

कॅमेऱ्याबद्दल आमच्यात बरीच चर्चा झाली. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ बैठकीच्या थकव्याची चार कारणं मांडली: अंगावर आल्यासारखी जवळची नजर, खुणा मुद्दाम देण्या-वाचण्याचा ताण, सतत दिसणारा स्वतःचा चेहरा आणि एका जागी बांधलेलं शरीर. स्वतःचा चेहरा लपवण्याची सोय असेल तर आजच वापरा. मला संध्याकाळी फरक जाणवतो. त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. व्हिडिओविना फक्त आवाजावर काम करणाऱ्या जोड्यांमध्ये बोलण्याच्या पाळ्या जास्त समान विभागल्या गेल्या होत्या. तेव्हापासून मजकुराची वाचनं आम्ही कॅमेरा बंद ठेवून करतो.

आता जे बंद केलं त्याविषयी. माऊस हलला नाही की नावापुढचा, माणूस हजर असल्याचं सांगणारा हिरवा ठिपका पिवळा होतो. लेखक कागदावर विचार करत असतो आणि गटाला तो गैरहजर दिसतो. याहून वाईट होती ती भावना-पट्टी. कॅमेऱ्यातून चेहरे वाचून ती गटाचा "मूड" रंगात दाखवायची. सर एकाग्र होऊन ऐकत असले की ती त्यांना नाराज ठरवायची, आणि आमच्यातले धाकटे घाबरून मुद्दा आवरता घ्यायचे. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. नुसत्या चेहऱ्यावरून भावना खात्रीने ओळखता येत नाही, असा निष्कर्ष मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली उपलब्ध संशोधन तपासून काढला आहे. युरोपीय संघाने तर कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणात अशा भावना-ओळखीवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी वगळली. जर्मनीतल्या मैत्रिणीने हे सांगितल्यावर आम्ही पट्टी त्याच दिवशी काढली. त्याऐवजी बैठकीच्या सुरुवातीला प्रत्येक जण स्वतः एक रंग निवडतो. निवडला नाही तरी कोणी विचारत नाही.

पाच-दहा जणांच्या, नेहमी एकत्र काम करणाऱ्या गटाने अशा खुणा जरूर वापराव्यात. शंभर जणांच्या व्याख्यानाला हात आणि चॅट पुरेत. आमची एक मोठी अडचण अजून तशीच आहे: बैठक संपल्यावर दाराशी रेंगाळून दोघांनी हळूच बोलायची सोय नाही. बटण दाबलं की सगळे एका क्षणात गायब होतात. म्हणून सध्या आम्ही शेवटची दहा मिनिटं बैठक उघडी ठेवतो आणि थांबणाऱ्याने रिकाम्या फळ्यावर आपला कर्सर सोडायचा, असं ठरवलंय. लातूरचे सर बहुतेक वेळा थांबतात.